श्रीलक्ष्मीच्या घरचा भात

इस्पितळातून परत येताना टाउन बसमध्ये सुरेंद्र बायकोला म्हणाला, "तंजावूरात राहायचं आणि भात खायचा नाही. हे कुठलं गाव आहे ते त्या डॉक्टरीणबाईंना कोणी सांगितलं नाही वाटतं."

तो हसत होता. श्रीलक्ष्मी हसली नाही. तिच्या मांडीवर गोळ्यांची पिशवी होती आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. घरात भरपूर म्हणावं असं काही असेल, तर ते तांदूळच होते.

राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं भाड्याचं घर. सुरेंद्र, त्याची म्हातारी आई वेंकूबाई, कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली मुलगी साईप्रिया आणि श्रीलक्ष्मी, अशी चार माणसं. सुरेंद्र मोठ्या रस्त्यावरच्या भांड्यांच्या दुकानात कामाला होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो तिथं पितळी घागरी आणि स्टीलचे डबे दाखवत आला होता. थोरले मालक गेले, धाकटे मालक गल्ल्यावर बसले, आणि तेव्हापासून पगार होता तिथंच राहिला. रेशन कार्डावर तांदूळ फुकट मिळत. डाळ आणि तेल मात्र मोजूनमापून.

श्रीलक्ष्मीनं वर्षानुवर्षं त्या तांदळाभोवतीच संसार रचला होता. सकाळी त्याचाच डोसा, दुपारी त्याचाच भात, रात्री ताकभात. जाड तांदूळ होता, त्याला वास यायचा. ती तो चार पाण्यांत धुवायची, उन्हात घालायची, आणि वर हिंगाची अशी फोडणी द्यायची की गल्लीत येणारा-जाणारा नाक वर करून विचारायचा, आज काय विशेष? डाळ कमी पडली की सांबारात भोपळा वाढायचा, भोपळा महाग झाला की चिंच वाढायची. पाकिटातलं काही तिनं कधी घरात आणलं नाही. आपण गरिबीत राहिलो, पण चांगलंचुंगलं खाऊन राहिलो, असं ती माहेरी कुंभकोणमला गेली की अभिमानानं सांगायची.

आता सुरेंद्रच्या रक्तात साखर वाढली होती आणि डॉक्टर म्हणत होत्या की हा भातच कमी करा. नाचणी द्या, कडधान्यं द्या, पालेभाजी द्या.

स्टेशनच्या बाजूला जुन्या धान्यांचं एक नवं दुकान निघालं होतं. काचेच्या बरण्यांत नाचणी, वरी, बाजरी, लाल तांदूळ. कधीकाळी ज्यांना भात मिळत नसे त्यांचं हे खाणं. श्रीलक्ष्मीनं एक पाकीट उचललं, मागे छापलेली किंमत वाचली आणि ते जिथं होतं तिथं नीट उभं करून ठेवलं. काउंटरवरची मुलगी अदबीनं म्हणाली, "दुसरं काही दाखवू का?" श्रीलक्ष्मी नको म्हणाली आणि बाहेर आली.

वाट दाखवली ती दारावर भाजी घेऊन येणाऱ्या कामाक्षीनं. ती धर्मपुरीकडची, नाचणीवर वाढलेली. "अक्का, त्या दुकानातलं पाकीट कशाला? गिरणीत सुटी नाचणी मिळते. धुवा, वाळवा, दळून आणा." मग उंबऱ्यापाशी टोपली ठेवून तिनं गॅसकडे बोट दाखवत शिकवलं. पाणी उकळलं की पिठाचा ढीग मधोमध सोडायचा, ढवळायचं नाही, लाटण्यानं भोक पाडायचं आणि शिजू द्यायचं. मग जोर लावून घोटायचं आणि ओल्या हातांनी गोळे वळायचे. कळी म्हणतात त्याला. श्रीलक्ष्मीच्या पहिल्या दोन-तीन कळ्या गाठीगाठींच्या झाल्या. मग हात बसला. जोडीला कुळथाचं कालवण, शेजारच्या शेवग्याचा पाला, केळीच्या गाभ्याची भाजी. केळीचा गाभा या मुलखात जवळजवळ फुकटच. खर्च वाढला नाही आणि पोट भरत होतं. आपल्याला हे जमलं, असं तिला मनातून वाटू लागलं होतं.

दोन्ही वेळचा भात तिनं सगळ्यांचाच बंद केला. तिघं भात खाताहेत आणि एकजण बघतोय, हे तिला बरं वाटेना. साईप्रिया नाक मुरडून तमिळमध्ये काहीतरी पुटपुटली, पण खाऊ लागली. वेंकूबाईंनी कळीचा गोळा पानात बोटानं हलवून पाहिला.

"आपल्या घरात कोणी खाल्लं नव्हतं हे," त्या म्हणाल्या.

"अम्मा, आपले लोक महाराष्ट्रातून आले तेव्हा भाकरीच खात होते की," श्रीलक्ष्मी म्हणाली.

"आले तेव्हा खात होते. इथं भात मिळाला म्हणून तर राहिले."

सगळे हसले. वेंकूबाईंनी दोन घास गिळले, वर ताक प्यायलं आणि पोट भरलं म्हणून उठल्या. रोज असंच होऊ लागलं. म्हातारं माणूस, कमीच खातं, असं श्रीलक्ष्मीनं धरलं.

सुरेंद्र घरी मुकाट्यानं खायचा. दुपारसाठी ती केळीच्या पानात गुंडाळून कळी डब्यात घालायची, वर पालेभाजी. संध्याकाळी डबा रिकामा यायचा, वर धुऊन घासलेला. एवढ्या वर्षांत नवऱ्यानं कधी ताट उचललं नव्हतं, आणि आता डबा धुऊन आणतो, याचं तिला कौतुक वाटायचं. शेजारणीलासुद्धा तिनं सांगितलं होतं.

पुढच्या तपासणीत साखर खाली यायच्या ऐवजी वर गेली होती.

"बाई, घरी काय घालता यांना खायला?" डॉक्टरांनी विचारलं. श्रीलक्ष्मीनं सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कागद तिच्याकडे फिरवला. "मग हे आकडे कुठून आले? मला खरं सांगा. मी रागावणार नाही."

मागे रांगेत बसलेली माणसं ऐकत होती. खरं सांगूनही आपण खोटं बोलताना पकडलो गेलो आहोत, असं तिला झालं. तिनं सुरेंद्रकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. कुठं चुकतंय ते तिला कळेना. तिनं सकाळचा डोसाही बंद केला, कॉफीतली साखर काढली. आणि मग एका संध्याकाळी वेंकूबाईंच्या उशाशी तिला पानाचा एक द्रोण सापडला. देवळातल्या गोड पोंगलचा. गूळ अजून कडेला चिकटलेला होता. वेंकूबाई हल्ली रोज देवळात जात होत्या आणि रोज प्रसाद आणत होत्या. लेकाच्या लहानपणापासून त्याच्यासाठी राखून ठेवायची त्यांची सवय अख्ख्या गल्लीला माहीत होती.

श्रीलक्ष्मी द्रोण हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अम्मा, तुम्ही त्यांना हे देता?"

"कोणाला?"

"तुमच्या मुलाला. मी इथं जीव आटवून घोटते आणि तुम्ही मागून गूळ भरवता. डॉक्टरांच्या समोर मला चोर ठरवलं."

वेंकूबाईंना आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. "ते मी खाल्लं गे," त्या हळूच म्हणाल्या. "मला भूक लागली होती."

"घरात जेवण असताना?"

श्रीलक्ष्मीचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून वेंकूबाई देवळात जायच्या बंद झाल्या आणि सुनेशी बोलायच्याही बंद झाल्या. पान वाढलं की दोन घास घ्यायच्या, उठायच्या. सुरेंद्रला हे सगळं दिसत होतं. तो रोजचा डबा घेऊन दुकानात जात राहिला.

पाय पहिल्यांदा पाहिला तो वेंकूबाईंनीच. त्या जमिनीवर बसलेल्या होत्या. सुरेंद्र दुकानातून येऊन त्यांच्याजवळून गेला तेव्हा त्याच्या पायावर माशा बसलेल्या त्यांना दिसल्या.

"सुरेंद्रा, पाय दाखव."

"काही नाही अम्मा, चप्पल लागलीय."

"दाखव म्हणते ना." मग इतक्या दिवसांनंतर पहिल्यांदा त्यांनी सुनेला हाक मारली. "श्री, लोंकर ये."

करंगळी काळी पडली होती. खाली तळव्यापर्यंत चिघळलं होतं, आणि त्याला दुखत नव्हतं. दुखत नाही हेच वाईट, असं इस्पितळात सांगितलं. बोट काढावं लागलं. बाकीचा पाय वाचेल, पण जपायला हवं, असं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुकानातला शिवकुमार भेटायला आला. सुरेंद्रबरोबर वीस वर्षं काम केलेला, श्रीलक्ष्मीला अण्णी म्हणजे वहिनी म्हणणारा सरळ माणूस. त्यानं बाकड्यावर एक पार्सल ठेवलं. "अण्णी, आमच्या मेसमधून आणलंय. दादांचं रोजचं जेवण. भात, सांबार, वाटाण्याची उसळ. अप्पळम-पापड वेगळं बांधून घेतलंय, मऊ पडू नये म्हणून. मेसवालापण विचारत होता, दादा दिसत नाहीत."

श्रीलक्ष्मीनं पार्सल हातात घेतलं. अजून गरम होतं. तिनं शिवकुमारला बसवलं, घरची चौकशी केली, त्याला जिन्यापर्यंत पोचवून आली. मग पलंगाशी स्टूल ओढून बसली.

"कधीपासून?"

सुरेंद्रनं छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी डबा उघडला. धाकटे मालक तिथंच होते. म्हणाले, काय राव, रेशनचे तांदूळपण परवडेनासे झाले? सगळे हसले. वाईट मनानं नाही. असंच."

"मग?"

"मग दुकानामागं गाय येते."

"आणि मेसचे पैसे?"

"बसनं जायचं सोडलं. चालत जायचो, चालत यायचो."

त्या चालण्यानंच चप्पल लागली होती. ते दोघांनाही न बोलता कळलं. श्रीलक्ष्मीला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. इतका, की तिनं पदर मुठीत घट्ट धरून ठेवला.

"ते हसतील म्हणून तुम्ही पायाचं बोट दिलं," ती म्हणाली. "मी अम्मांवर आळ घेतला. तुमच्या डोळ्यांदेखत घेतला. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं."

सुरेंद्रनं भिंतीकडे तोंड वळवलं. त्याचे खांदे हलत होते. तिनं त्याला हात लावला नाही. पार्सल उचललं, खाली दारात बसलेल्या एका बाईला दिलं आणि घरी गेली.

घरी वेंकूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत घसरलेली होती. त्या किती वाळल्यात ते श्रीलक्ष्मीनं त्या दिवशी नीट पाहिलं. दात नसलेल्या तोंडाला ती कळी चिकटत होती, पोटाला जड होत होती, आणि सांगायचं कोणाला? घरात तांदळाचं पोतं भरलेलं असताना ही बाई देवळातल्या चार घासांवर दिवस काढत होती, आणि तेही आपण तोडलं.

तिनं मूठभर तांदूळ आणि मूगडाळ धुतली. मऊ भात केला, पळीनं घोटला, वर मीठ आणि होतं नव्हतं तेवढं तूप घातलं. वेंकूबाईंच्या समोर वाटी ठेवून ती जमिनीवर बसली.

"अम्मा, ते जेवत होते मेसमध्ये. तुम्ही दिलं नव्हतं. माझं चुकलं."

वेंकूबाईंनी वाटी जवळ ओढली. सगळं खाल्लं, अगदी कडेचंसुद्धा. मग हात धुऊन म्हणाल्या, "भात बेस झालाय." क्षमा केली की नाही, ते श्रीलक्ष्मीला विचारवलं नाही.

सुरेंद्र घरी आला. दुकानानं त्याला ठेवलं, पण अर्ध्या दिवसासाठी, आणि पगारही अर्धा. तो बसून बिलं करतो आणि दुपारी बसनं घरी येऊन जेवतो. साईप्रिया संध्याकाळी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. दुधाचा रतीब कमी केला, डाळीची जागा कुळथानं घेतली. श्रीलक्ष्मीच्या गॅसवर आता दोन भांडी चढतात, एकात कळी, एकात मऊ भात. दोन भांड्यांना सिलिंडर लवकर संपतो, म्हणून कुळीथ रात्रभर भिजवून एकाच वाफेत काढायचं तिनं शिकून घेतलं. आकडे हळूहळू उतरताहेत. दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला मात्र मुंग्या येतात, म्हणून ती रोज रात्री दिव्याखाली त्याचे दोन्ही तळवे बघते.

वेंकूबाई सुनेशी बोलतात, पूर्वीसारख्याच थट्टाही करतात. देवळातही जातात. पण प्रसाद तिथंच खाऊन हात धुऊन येतात.

परवा दुपारी श्रीलक्ष्मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. आत सुरेंद्र जेवत होता, शेजारी त्याची आई बसली होती. त्यानं थोडी पालेभाजी मागितली. मग वेंकूबाईंची हाक आली.

"श्री, ये गे. याला भाजी हवीय."

ती आत आली. भाजीचं भांडं वेंकूबाईंच्या हाताशीच होतं आणि पळी त्यातच होती. श्रीलक्ष्मीनं ओले हात पदराला पुसले, वाकली आणि वाढलं.