ललिता ओव्हाळचा स्टीलचा गोळा

ललिता ओव्हाळ कामाच्या दिवशी केसांना तेल लावत नसे. अत्तर तर घरातच नव्हते. हवेचे नमुने घेणाऱ्या बाईचाच वास नमुन्यात उतरायला नको, एवढेच तिचे म्हणणे. या नोकरीत तिने कुत्र्यांचे चावे सोसले होते, रंगाच्या एका कारखान्यात कानाखाली खाल्ली होती. "हवा मोजते म्हटलं की लोकांना वाटतं, ही आपली अब्रूच मोजायला आली," असे ती म्हणे.

मार्केट यार्डामागे जयसिंगचा चपलांचा कारखाना होता. तिथे तळवे चिकटवणाऱ्या श्यामलाच्या रक्तातल्या पेशी झपाट्याने घटत होत्या. डॉक्टरांना चिकटवण्याच्या सोल्यूशनमधल्या बेंझीनचा संशय होता. कोर्टाने हवा तपासायला सांगितली. पण दोन्ही वेळा आधी सूचना गेली आणि जयसिंगने डबे हलवून, खिडक्या उघडून ठेवल्या. आता कोर्टाने न कळवता जायला सांगितले होते, तेही शेवटचे. यावेळीही हवा स्वच्छ निघाली तर श्यामलाची तक्रार निकालात निघणार होती.

सोबत येणारा हवालदार स्वारगेटच्या वाहतूककोंडीत अडकला. थांबले तर आत बातमी जाईल म्हणून ललिता एकटीच निघाली. तिच्या हातात स्टीलचा पोकळ गोळा होता. त्यातली हवा प्रयोगशाळेत ओढून काढलेली. तोटी उघडली की तो भोवतालची हवा आपोआप आत ओढून घेई.

"आलीस का नाक घेऊन?" जयसिंग दारातच आडवा झाला.

"नाक घरी ठेवलंय. आपण जरा बाजूला व्हा."

ती त्याच्या काखेखालून आत घुसली. चिकटवण्याच्या खोलीत पाऊल टाकताच वासाने तिचे डोळे चुरचुरले. तेवढ्यात मुकादम कचरूने मागून लोखंडी सळई हाणली. मनगटाचे हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. गोळा गडगडत गेला. जयसिंगने तो उचलला.

"काय भरलंस यात? बोल!"

"रिकामा आहे तो."

"रिकाम्या भांड्यासाठी हात मोडून घेतलास होय गं?" त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. "माझ्या खोलीतली हवा माझ्याच खोलीत राहणार!"

ललिता पुन्हा म्हणाली, "अहो, रिकामा आहे." तिच्या तोंडात रक्त आले होते. त्याने तिचे केस धरून डोके फरशीवर आपटले आणि तोटी सताड फिरवली. गोळ्यातून सूंऽऽ असा आवाज आला.

"गेली बघ तुझी हवा!" जयसिंग हसला.

हवा जात नव्हती, येत होती. ललिता पडल्या पडल्या तो आवाज ऐकत राहिली. तो थांबला. आता तोटी बंद व्हायला हवी होती. उघडा गोळा अंगणात भिरकावला गेला तर सगळे संपले. तिने जयसिंगच्या पोटरीला कडकडून चावा घेतला. तो कळवळून वाकला, गोळा सुटला, आणि ती त्यावर पालथी पडली. सळईचे घाव पाठीवर बसत असताना डाव्या हाताने तिने तोटी आवळली.

तिथेच कामावर बसलेल्या श्यामलाने चपलेचा लाकडी साचा उचलून कचरूच्या तोंडावर मारला. दोन दात फरशीवर पडले. पुन्हा मारला.

"ताई, उठा! उठा ना!"

"आधी हा गोळा बाहेर ने. तोटीला हात लावू नकोस."

हवालदार पोचला तेव्हा कचरू तोंड धरून बसला होता आणि जयसिंग हवालदाराला सांगत होता, "न्या त्यांचा डबा. मोकळाच आहे."

प्रयोगशाळेच्या अहवालात बेंझीन मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. ललिताने नमुना कसा भरला गेला ते, मारासकट, जसेच्या तसे लिहून दिले होते. कोर्टात जयसिंगच्या वकिलांनी नेमके तेच पकडले.

"म्हणजे हा नमुना तुम्ही घेतलाच नाही?"

"नाही," ललिता म्हणाली. तिचा हात प्लास्टरमध्ये होता. "तोटी आपल्या अशिलांनी उघडली. मी फक्त बंद केली."

न्यायाधीशांनी जयसिंगकडे पाहिले. "तोटी तुम्ही उघडलीत?"

"ती घेऊन चालली होती ना साहेब, आमच्या खोलीतली हवा," जयसिंग म्हणाला, आणि त्याच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी चिकटवण्याच्या खोलीला सील लागले.