मसिळ

आमच्या फणसवाडीतल्या चाळीत, शेजारच्या खोलीत एकजण स्वतःचा ब्राउझर लिहितोय. तोही पार पहिल्या ओळीपासून. "तयार इंजिन घे की रे," म्हटलं की चिडतो. "दुसऱ्याच्या खिडकीतून किती दिवस बघायचं?" हे तो भाड्याच्या, पागडीच्या खोलीत बसून म्हणतो. ब्राउझर ओपन सोर्स, म्हणून खोलीचं दारही सताड उघडं. जाता-येता कुणीही डोकावतं आणि चुका काढतं.

चूक एकच होती, पण हट्टी. त्याच्या ब्राउझरला पहिली वेलांटी जमेना. ती एक अक्षर पुढे जाऊन बसायची. गिरगावचं व्हायचं गरिगाव, मिसळीची मसिळ. चाळ आधी हसली, मग तसंच बोलायला लागली. समोरच्या काकू तर फोनवर पत्ता सांगतानाही गरिगावच सांगायच्या.

परवा तो गॅलरीत येऊन ओरडला, "बसली! वेलांटी बसली!" पडद्यावर स्वच्छ 'मिसळ' होतं. त्या आनंदात तो मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेला. सवयीने बोलून गेला, "दोन मसिळ."

वेटर जराही न अडखळता आत ओरडला, "दोन मसिळ, पाव गरम!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "आता ही चूक कुठल्या फाइलीत शोधू?"