कोरडा शिधा

माय मरो नि मावशी जगो, म्हणतात. मामीबद्दल अशी म्हण कुणी केली नाही, यातच सगळं आलं. आई गेल्यावर मला बिडकीनहून बेगमपुऱ्यात मामाकडं आणलं, तेव्हा मी आठ वर्षांची होते. निजामाचं राज्य होतं. मामी मारायची, आणि तिचे हात दुखले की उपाशी ठेवायची. सुरुवातीला रडले असेन. नंतर ते अंग माझं नव्हतंच जणू.

शेजारी हिमरू विणणाऱ्या मुसलमानांचं घर. तिथल्या बाईला मी खाला म्हणायचे, म्हणजे मावशीच. मामी दुपारी झोपली की तिकडं पळायचे. खाला पोटभर द्यायची, पण कोरडा शिधा. हिंदू पाहुण्याला आपल्या हातचं घालून बाटवायचं नाही, ही त्या घरची रीत. अंगणात तीन दगडांची चूल, कोरा तवा, पीठ; पाणीसुद्धा मीच शेंदायचं. माझा धर्म जपायची काळजी माझ्यापेक्षा तिलाच जास्त. मला राग यायचा. भाकरी तर मी मामीकडंही थापतच होते की!

एकदा भाकरी करपली म्हणून मामीनं तापलेलं उलथनं माझ्या उजव्या तळहातावर टेकवलं. दुपारी खालाच्या अंगणात चुलीपुढं बसले, पण पीठ मळता येईना. खालाचे हात दोनदा पुढं आले, दोनदा मागं गेले. मग तिनं कोपरापर्यंत हात धुतले, भाकरी केली आणि एकेक घास मला भरवला.

मामीनं भिंतीवरून पाहिलं. "बाटली कार्टी! आता माझ्या उंबऱ्यात पाय ठिवू नको," असं ओरडून तिनं दार लावून घेतलं. मामा आतच होता. तो अशा वेळी आतच असायचा.

खाला त्या दारापुढं हात जोडून उभी राहिली. "गुनाह मेरा है, बाई. बच्ची कू घर में लेव," म्हणत रडत होती. मी तिच्या मागं. दुःख नाही, आनंद नाही. दार किलकिलं झालं तर आपल्याला आत जावं लागेल, एवढंच कळत होतं. ते दार माझ्यासाठी पुढं कधीच उघडलं नाही, पण तेव्हा हे कुणाला ठाऊक?

मी डाव्या हातानं खालाची ओढणी ओढली.

"खाला, लई मोठ्यानं नको बोलू," मी म्हणाले. "ती ऐकंल."