डॉसकाकांच्या शेडमधली चालती मशिनं

आजारी माणसाला बघायला जावं तसे डॉसकाका बंद पडलेल्या कॉम्प्युटरला बघायला जात. धुतलेला शर्ट घालून, पायात चांगल्या चपला अडकवून. कॉम्प्युटर नवा असला तर दारातूनच परत फिरत. "याला दुकानदार आहे, वॉरंटी आहे. माझं काय काम?" जुना असला की मात्र खुर्ची ओढून शेजारी बसत आणि घरच्यांना विचारत, "शेवटचा कधी चालला होता हा?" घरातले लोक एकमेकांकडे बघत. वीस वर्षं माळ्यावर पडलेल्या डब्याची इतकी आस्थेने चौकशी होईल असं त्यांना कधी वाटलेलं नसे.

त्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर होतं. बोर्डीपासून झाईपर्यंत सगळे डॉसकाकाच म्हणत. धंदा चिकूचा, पिढीजात वाडी. आमच्या शाळेत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा हे गृहस्थ हेडमास्तरांची परवानगी काढून आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. मी पुढच्या बाकावर. पडद्यावर पहिल्यांदा ‘डॉस’ची ती काळी पाटी आणि लुकलुकणारी रेघ उमटली तेव्हा आम्ही मुलं पाच मिनिटांत कंटाळलो, काका मात्र जन्माचे अडकले. पुढे शाळेने नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने भंगारात काढले. ते सगळे काकांनी चिकूच्या टेम्पोतून घरी आणले.

चिकू निवडायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अर्ध्या भागात खोकी आणि अर्ध्या भागात मशिनं, असा संसार होता. वाडीत ओळीओळीने पाण्याचे वार ठरलेले असतात तसे काकांनी मशिनांना वार लावून दिले होते. सोमवारी शाळेतलं सगळ्यात जुनं, मंगळवारी हिरव्या अक्षरांचं, असं रविवारपर्यंत. "आपली हवा खारी. मशीन बसून राहिलं की गंजलं. तासभर चाललं की अंगातली ओल निघते," असं ते सांगत. पाहुणे येवोत, लग्न असो, ज्याचा वार त्याला तासभर वीज मिळायचीच. काकी चहाचा कप आपटत म्हणायच्या, "आठवड्यातून एक वार मला पण लावा." काका हसून शनिवार देऊ करायचे आणि शनिवारी पुन्हा शेडमध्येच सापडायचे.

एकदा मुंबईहून जुन्या कॉम्प्युटरांचा एक संग्राहक आला. पांढरे हातमोजे घालून त्याने मशिनं उघडली आणि नाक मुरडलं. पॉवर सप्लाय दुसऱ्याचा, डिस्कच्या जागी मेमरी कार्ड, पंखा कुठल्या तरी तिसऱ्याचाच. "यात ओरिजिनल काय उरलंय?" काकांनी त्याला हाताला धरून वाडीत नेलं आणि एका झाडाच्या बुंध्यावरची जुनी गाठ दाखवली. "हे कलम आहे. खाली रायणीच्या झाडाचं मूळ, वर चिकू. आमच्याकडची सगळी झाडं अशीच. फळ कुणाचं लागतं?" पाहुणा म्हणाला, चिकूचं. "मग झालं तर. खा." पाहुण्याने चिकू खाल्ले, पण जाताना हट्ट सोडला नाही. सगळी मशिनं द्या, काचेच्या कपाटात सुंदर मांडून ठेवतो, म्हणाला. काकांनी विचारलं, चालू कधी करणार? तो म्हणाला, चालू कशाला करायचं? तिथे बोलणं संपलं.

काकांची फजितीही मी पाहिली आहे, आणि पोट धरून हसलेही आहे. मी तोवर तलासरीला शिक्षिका झाले होते. माझ्या वर्गातल्या मुलांना जुना कॉम्प्युटर दाखवायला काका जानेवारीतल्या थंडीत सकाळीच मशीन घेऊन आले. फ्लॉपी घातली, तर ड्राइव्ह जागचा हलेना. बटणं दाबून झाली, वायरी बदलून झाल्या. मुलं चुळबुळ करू लागली. शेवटी काकांनी ड्राइव्ह उघडला आणि कपाळावर हात मारला. आमच्या किनाऱ्यावर गुडघ्यापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल लावतात. काकांनी ड्राइव्हलाही तेच लावलं होतं आणि ते थंडीने गोठून पांढरं झालं होतं. ड्राइव्ह उन्हात ठेवला, शेजारी मुलांना बसवलं. तेल वितळलं, काकांनी ते नीट पुसून काढलं आणि मशीन चाललं. "मशीनला नावं ठेवू नका रे. तेल माझ्या घरचं, चूक पण माझ्या घरची," असं त्यांनी मुलांना ठणकावून सांगितलं.

काकी गेल्या, काकांचं हृदयही कुरकुरू लागलं, तेव्हा बडोद्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने त्यांना तिकडे न्यायचं ठरवलं. वाडी मक्त्याने दिली. मक्तेदाराला शेड मोकळी हवी होती. मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीसुद्धा नव्हती. म्हणजे भंगारवाला, नाही तर काचेचं कपाट. काका म्हणाले, "माणसं शोधू." आणि शोधली. मशीन न्यायला येणाऱ्याने त्या मशीनच्या वारी यायचं, झाकण स्वतः उघडायचं, पुसायचं, लावायचं आणि काकांसमोर चालू करून दाखवायचं. मुलगी दाखवायला आणल्यासारखी त्यांनी एकेकाची परीक्षा घेतली. एक मशीन झाईच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलं, कारण खाऱ्या हवेचा गंज त्याला कुणी शिकवायला नको होता. एक कैनाडच्या शेतकरीणबाईंकडे गेलं. लग्नाआधी त्या टायपिस्ट होत्या, की-बोर्ड बघून त्यांचे डोळे भरून आले. सोमवारचं मशीन मला मिळालं. शेवटच्या दिवशी काका रिकाम्या शेडकडे बघून म्हणाले, "चला, सगळ्यांची सोय लागली." मला रडू आलं, त्यांना नाही.

मग दर सोमवारी बडोद्याहून फोन. "फोन त्याच्याजवळ धर." मी धरायची. आधी पंखा, मग डिस्कच्या जागच्या कार्डाचा छोटा दिवा, तो मी तोंडाने सांगायची, मग एक बीप. "बरा आहे," म्हणून फोन ठेवत. मी कशी आहे हे विचारायचं बहुतेक वेळा राहून जाई, आणि मला त्याचा राग कधीच आला नाही.

काका या पावसाळ्यात गेले. त्याआधी महिनाभर त्यांची वाचा गेली होती. वाचा गेल्यावरच्या पहिल्याच सोमवारी फोन आला नाही म्हणून मीच लावला. सूनबाईंनी तो काकांच्या कानाशी धरला. मी नेहमीचंच केलं, मशीन चालू केलं. लगेच सूनबाईंचा घाबरा आवाज आला, "ताई, पप्पा हाथथी ना पाडे छे. हातानेच नको, बंद करा म्हणतात." मी चटकन बंद केलं. वाटलं, उगाच आठवणीने त्यांना त्रास दिला. मी माफी मागू लागले, तर त्या म्हणाल्या, "नाही ओ, रडत नाहीत. बोट गोल गोल फिरवतात."

पंखा! झाकण उघडलं, तर कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधलं होतं आणि पातं त्याला घासत होतं. शेजारी बसून मला ते ऐकू आलं नव्हतं. पंखा साफ करून मी पुन्हा फोन लावला आणि मशीन चालू केलं. या वेळी कुणी नको म्हटलं नाही. बीप वाजला. आता ठेवावा म्हणून मी फोन उचलला, तेवढ्यात सूनबाई हळूच म्हणाल्या, "ताई, ठेवू नका. त्यांना अजून ऐकायचंय."