लग्नातल्या चोळीचं माप

आमच्या घरात एक गोष्ट अजून सांगितली जाते. सुना ती नातसुनांना सांगतात, लग्नकार्यात पाहुण्यांना सांगतात. "आमच्या सासूबाई एवढ्या हौशी, की इंग्रजांच्या काळात छाती उचलून घ्यायच्या ऑपरेशनसाठी सुरतेला गेल्या होत्या!" मग हशा होतो. मीही सुपारी कातरत हसल्यासारखं करतो. माझी बायको होती तोवर तीही हसायची. सुरतेला जाणं खरं आहे. हौस खोटी आहे.

आमचं गाव शहाद्याकडचं. आमच्यात बारशाला सुनेला माहेरची चोळी येते. मापासाठी तिच्या लग्नातली एक चोळी माहेरी जपून ठेवलेली असते. पुढच्या सगळ्या तिच्यावरूनच शिवायच्या. लग्नात माझी बायको शेवग्याच्या शेंगेसारखी होती. चार लेकरं अंगावर पिऊन मोठी झाली, तरी माहेरहून चोळी यायची ती त्या शेंगेचीच.

चौथ्याच्या बारशाला तिची भावजय चोळी घेऊन आली. बायकोनं ती अंगाला लावून पाहिली; छाती गाठीच्याही खाली उतरलेली. मी ओट्यावरून म्हणालो, "गाठ आते कमरवर बांधनी पडी!" सगळं बारसं हसलं. तीही हसली, असं मला दिसलं.

मस्करीला दाद मिळाली की माणूस थांबत नाही. पुढे मुंबईच्या एका वर्तमानपत्रात आलं, की विलायतेत डॉक्टर बायकांची ओघळलेली छाती कापून, शिवून वर घेतात. ते मी तिला नाटकी आवाजात वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"सुरतले बायासनी डाक्टरीन शे ना?"

मला वाटलं, तीही मस्करीच करते आहे. तिनं दशम्या बांधायला घेतल्या तेव्हा कळलं, ही मस्करी नाही.

नावेनं तापी ओलांडली, नंदुरबारला सुरतेची गाडी धरली. तान्हा तिच्या मांडीवर. ही खरंच सुरीखाली जाणार, एवढंच वाटभर माझ्या डोक्यात.

डॉक्टरीणबाई मराठी बोलणाऱ्या, जाड चष्म्याच्या. पडद्याआड तपासून झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"हे मी करत नाही. मुंबईत कोणी करत असेल. पण जाण्याआधी ऐकून घ्या. मूल पितं आहे तोवर नावच काढायचं नाही. दूध तुटलं की काही महिन्यांनी अंग थोडं सावरतं, तेव्हा बघायचं. आणखी मूल हवं असेल तर तेही आधी होऊ द्या. नाहीतर केलेलं परत ओघळेल, आणि दूध येईलच असं नाही. वण जन्मभर राहतात. तिथली जाणीव कमी होऊ शकते. जखम चिघळली तर जिवावर बेतेल. आणि एवढं करून वय थांबत नाही." मग त्यांनी तिला विचारलं, "दुखतं का?"

"पाठ दुखस. बाकी काही नही."

"मग हे कोणाला हवंय?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तिचीच हौस आहे, बाई."

ती डॉक्टरीणबाईंकडे वळून, माझ्या सुटलेल्या पोटाकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाली, "यासनं पोटबी वर उचलता येस का? एवढा दूर येल सेत, ते दोन्ही कामं व्हई जातीन."

बाईंनी हसून हसून चष्मा काढला. मग तिच्या चोळीची बाही चिमटीत धरली. "ही कोणाच्या मापाची?"

"मन्हीच. लग्नामानी."

"अहो, ही तुम्हाला सावरत नाही, खाली दाबते आहे. आधी आजच्या अंगाची चोळी शिवा. गेलेलं वय त्यानं येणार नाही, पण पाठ हलकी होईल."

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "नको ते कापनं." माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं विचारलं, "घर काय सांगशात?"

"पाठ दुखत होती म्हणून गेलो, चोळीमुळे."

"ऱ्हाऊ द्या. माहेरनी चोळीले नाव नका ठेवू. मन्ही हौस व्हती, असंच सांगा. तुम्ही डाक्टरीनले तसंच सांगेल शे."

आणि मी घरी तसंच सांगितलं. मला सोयीचं होतं.

मापाची चोळी तिनं माहेरहून मागवून घेतली आणि तान्ह्याच्या गोधडीत शिवून टाकली. नवी चोळी तिला नीट बसली, पाठही दुखायची थांबली. मी दुसऱ्यांदा भात मागितला, की ती माझ्या पोटाकडे बघत विचारायची, "सुरतले कव्हय जातस?"

पण सुना ती गोष्ट काढत, तेव्हा ती आधी एकदा माझ्याकडे बघायची. मी काही बोलत नाही असं पाहून मग सगळ्यांच्या आधी हसायची.

सुनांनो, हौस तिची नव्हती. ओट्यावरची मस्करी माझी होती, आणि सुरतेला खोटं बोललो तो मी. यापुढे गोष्ट सांगाल तर अशी सांगा. आणि माझ्या पोटाचं गाळू नका.