मॅचनंतर सांग

मी आणि माझा धाकटा भाऊ गेली वीस-बावीस वर्षं एकच गोळीबाराचा गेम खेळत आलो आहोत. दर दोन-तीन वर्षांनी त्याचा नवा भाग येतो, बंदुका बदलतात, सैनिकांच्या दाढ्या आणखी खऱ्या दिसायला लागतात, आणि आम्ही दोघं मागच्या भागात मरायचो तसेच नव्या भागातही मरतो.

सुरुवात लालबागच्या चाळीत झाली. मी नुकती नोकरीला लागले होते. भावाने कॉम्प्युटरचा कोर्स लावला म्हणून वडिलांनी एक सेकंडहँड कॉम्प्युटर घरात आणला, आणि आठवड्याभरात शेजारच्या खोलीतून त्या गेमची सीडी आली. कॉम्प्युटर एक, खेळणारे दोन आणि पाळ्या लावण्याइतका समजूतदारपणा दोघांतही नाही. मग आम्ही कामं वाटून घेतली. कीबोर्ड माझ्याकडे, माऊस त्याच्याकडे. म्हणजे चालायचं मी आणि गोळ्या त्याने झाडायच्या. मी सैनिकाला भिंतीत नाक खुपसून उभं करायची आणि भाऊ त्याच वेळी छतावर गोळ्या झाडत असायचा. शत्रूला आम्हाला मारताना वाईट वाटत असणार. आई मागे कोलंबी सोलत बसलेली असायची. तिने चाळभर सांगून ठेवलं होतं की दोन्ही पोरं टायपिंग शिकतात.

पुढे मी लग्न होऊन परळला आले. वडील गेल्यावर आई दादरला भावाकडे राहायला गेली. दोघांच्या घरी आपापले कॉम्प्युटर आले, कानाला हेडफोन आले. शनिवारची वेळ ठरून गेली. भावजय नर्स आहे, तिची शनिवारी ड्यूटी असते. माझा नवरा मासे-भात जेवून आडवा होतो. अडीच-तीनच्या सुमाराला आम्ही दोघं आपापल्या घरून लॉगिन करायचो.

या गेममध्ये दोन तऱ्हेने खेळता येतं. एक कॅज्युअल: जिंका, हरा, कोणी विचारत नाही. दुसरं रँक्ड: जिंकलात तर वरचा बिल्ला, हरलात तर खालचा. आम्ही जन्माचे कॅज्युअल. एखाद्या गोदामात खोक्यांच्या मागे बसून राहायचं आणि बोलत राहायचं. सुरमई काय भाव मिळाली, आईचे गुडघे काय म्हणतात, भावजयीच्या वॉर्डात काय झालं. मधेच कोणीतरी येऊन आम्हाला मारून जायचं. त्याने बोलण्यात खंड पडत नसे. मॅच कोण जिंकलं हे आम्हाला बरेचदा ठाऊक नसायचं.

दोन वर्षांपूर्वी नवा भाग आला आणि त्यात बटणांच्या जागा बदलल्या. एका शनिवारी मी चुकून रँक्डचं बटण दाबलं. पाच जणांची टीम. आम्ही दोघं आणि तीन अनोळखी. त्या तिघांनी मॅच जिंकून दिली. आम्ही नेहमीसारखे खोक्यामागे होतो. पण स्क्रीनवर तांबूस रंगाचा एक बिल्ला फिरत फिरत आला आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, ब्राँझ.

भाऊ म्हणाला, "ताई, बाहेर पड. चुकून आलोय आपण."

मी त्या बिल्ल्याकडे बघत होते. विमा कंपनीच्या क्लेम विभागात वीस वर्षं काढली, त्यात मला एकदा स्टीलचा डबा मिळाला होता, आणि तो सगळ्यांनाच मिळाला होता.

"एक अजून खेळू या," मी म्हटलं.

पुढच्या सहा महिन्यांत माझं जे काही झालं ते मला आता सांगताना लाज वाटते. मी एक वही केली. कोणत्या नकाशात शत्रू कुठल्या दारातून येतो, किती सेकंदांनी येतो, सगळं उतरवलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर इमारतींचे आराखडे काढले. लंच टाइममध्ये एक आराखडा पुढे घेऊन बसले होते, तर शेजारच्या टेबलवरची बाई म्हणाली, "घराचं काम काढलंत का?" मी हो म्हटलं. तिने मला टाइल्सवाल्याचा नंबर दिला.

नवरा एकदा मागे उभा राहून पाच मिनिटं बघत होता. म्हणाला, "तू गेम खेळतेस की इन्स्पेक्शन करतेस?"

अनोळखी तिघांमध्ये नागपूरचा एक जण नेहमी भेटायला लागला. तो मला आंटी म्हणायचा. "आंटी, स्मोक फेको. आंटी, लेफ्ट पकडो." पहिल्यांदा राग आला. मग लक्षात आलं की तो सांगतो ते बरोबर असतं, आणि मी त्याचं ऐकायला लागले. मी ऑफिसात साहेबांचंही इतकं ऐकत नाही.

भावाचं मात्र काही सुधारेना. ऐन हल्ल्याच्या वेळी तो गायब व्हायचा.

"कुठे आहेस?"

"ताई, इथे भिंतीवर काय मस्त चित्र काढलंय बघ. कोणीतरी बसून काढलं असेल ना हे?"

"पॉइंटवर ये."

"येतो. पण रंग बघ एकदा."

मग मी नियम केला. माइकवर फक्त खेळाची माहिती द्यायची. शत्रू कुठे, किती, आपल्याकडे गोळ्या किती. घरचं काही बोलायचं नाही. भाऊ म्हणाला, "बरं." त्याची ती सवय लहानपणापासूनची. पटलं नाही की तो "बरं" म्हणतो.

एका शनिवारी आम्ही दोघंच उरलो होतो आणि समोर तिघं. मी जिन्याच्या वळणावर श्वास रोखून बसले होते. माइकवर भाऊ म्हणाला, "ताई, आईचा बीपी वाढलाय."

"मॅचनंतर सांग," मी म्हटलं.

"बरं."

ती मॅच आम्ही जिंकलो. मला सिल्व्हर मिळालं. मी नवऱ्याला उठवून बिल्ला दाखवला, चहा केला, वहीत तारखेसकट लिहून ठेवलं. बीपीचं विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी राहिलं ते राहिलंच. एरवी मी आईला बुधवारी संध्याकाळी फोन करायची; पण बुधवारी नागपूरवाल्याने सराव ठेवला होता.

त्यानंतर भावाचे शनिवार बिघडायला लागले. एका शनिवारी प्लंबर येणार होता. दुसऱ्या शनिवारी सोसायटीची मीटिंग. मग त्याची दाढ दुखायला लागली. रूट कॅनल, तीन सीटिंग, तिन्ही शनिवारी, तिन्ही दुपारी तीन वाजता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी गोल्डपासून एक मॅच दूर होते आणि माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं.

तिसऱ्या सीटिंगच्या शनिवारी आमच्या टीमला एक माणूस कमी पडत होता. मी ओळखीच्यांची यादी उघडली. त्यात भावाच्या टोपणनावापुढे हिरवा ठिपका होता. खाली लिहिलं होतं: कॅज्युअल खेळत आहे.

मला आधी वाटलं, त्याचा अकाउंट कोणी चोरला. त्याच्या ग्रुपमध्ये शिरायची सोय उघडी होती. मी माइक बंद केला आणि शिरले.

बंदराचा नकाशा होता. मी त्यात शेकडो वेळा मेले असेन, पण धक्क्याच्या डाव्या बाजूला एक मच्छीमार होडी बांधलेली आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. तिथून कोणावर नेम लागत नाही, म्हणून वहीत ती जागा नव्हती. त्या होडीत दोन सैनिक होते. एक स्थिर. दुसरा जागच्या जागी गोल गोल फिरत होता आणि मधूनच आकाशाकडे बघत होता.

आणि हेडफोनमध्ये आईचा आवाज आला.

"होडी अशी बांधतत काय रे? भरती इली की जातली ती."

"आई, माऊस हळू फिरव. चक्कर येईल."

"माका नाय येना चक्कर. आणि जाळा खंय? होडयेत जाळा नाय तर हे धक्क्यार करतत काय?"

"मारामारी करतात, आई."

"येवढो चांगलो दर्या आसा आणि मारामारी."

आई वेंगुर्ल्याची. तिच्या वडिलांची होडी होती. मी तशीच ऐकत बसले. ती भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसली असणार. मग ती म्हणाली, "ताईक कळला तर?"

"ताई गोल्डच्या मागे आहे. तिला आपल्याकडे बघायला कुठे वेळ आहे."

"ओरडता काय ती तुका?"

भाऊ म्हणाला, "ओरडत नाही. सूचना देते."

आई हसली. खूप दिवसांनी तिचं ते हसणं ऐकलं. आवाज न करता हसते आणि शेवटी खोकते.

मला खरं तर निघून जायचं होतं. पण गेममध्ये कोणी नवीन आलं की काही वेळाने त्याचं नाव स्क्रीनवर आपोआप येतं. माझं आलं. मी धक्क्यावर बंदूक घेऊन उभी, होडीत ते दोघं.

"ही कोण आता?" आईने विचारलं.

"ताई," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात दाढदुखी नव्हती.

मी माइक चालू केला.

"बरा झाला इलंस," आई म्हणाली. "जेवलंस काय?"

"जेवले."

मी होडीत चढले. तेवढ्यात मागे बुटांचे आवाज आले आणि सहा महिन्यांच्या सवयीने मी ओरडले, "डावीकडे दोघं, डावीकडे."

"डावीकडे म्हंजे माझ्या की तुझ्या?" आईने शांतपणे विचारलं, आणि आम्ही तिघंही मेलो.

परत जिवंत व्हायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत मी विचारलं, "आई, तुझा बीपी कसा आहे?"

"तेका दोन म्हयने झाले गो. गोळी बदलली. आता बरा आसा."

भाऊ म्हणाला, "पुन्हा होडीतच जाऊ." त्याने मला बोल लावायला हवा होता असं मला वाटलं. मला उत्तर देता आलं असतं. त्या संध्याकाळी मी दादरला गेले. भावाने दार उघडलं. मी म्हटलं, "दाढ कशी आहे?" तो म्हणाला, "उपटली." मग आम्ही दोघं तिथेच चपला काढायच्या जागेवर हसत उभे राहिलो, आणि हसता हसता मला रडू आलं. भावजय ड्यूटीवरून दमून आली होती. तिने आमच्याकडे बघितलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

गोल्ड मला मिळालं. एका मंगळवारी संध्याकाळी, नागपूरवाल्याबरोबर. तो म्हणाला, "आंटी, मान गए." नवरा म्हणाला, "छान. कुकर लावू का?" दहा दिवसांनी गेमचा सीझन संपला आणि कंपनीने सगळ्यांचे बिल्ले पुसून सर्वांना पुन्हा खाली आणून ठेवलं. हे दर सीझनला होतं म्हणे, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना ऑफिसच्या भाषेत तीन परिच्छेदांचं तक्रारपत्र पाठवलं. आपला अभिप्राय मोलाचा आहे असं उत्तर आलं. आम्ही क्लेम नाकारताना हेच लिहितो.

रँक्ड मी सोडलेलं नाही. मंगळवार आणि गुरुवार खेळते, वही अजून आहे. शनिवारी मात्र मी लॅपटॉप घेऊन दादरला जाते आणि आम्ही तिघं कॅज्युअल खेळतो. सूचना द्यायची मला अजूनही खूप इच्छा होते. बहुतेक वेळा मी ती दाबते. दाबता आली नाही की भाऊ "बरं" म्हणतो, आणि मला कळतं.

गेल्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी सगळं नीट समजावलं: वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, स्क्रीनकडे फार बघायचं नाही.

आईने विचारलं, "मग बंदूक कधीपासून चालवू?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी गेमचं नाव सांगितलं.

"कॅज्युअल की रँक्ड?" त्यांनी विचारलं.

"माका नाय ठावक," आई म्हणाली. "आमी होडयेत बसतो."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो माझ्या हातात दिला. औषधांच्या खाली ओळ होती: चार आठवडे गेम बंद. आईने घरी येताना टॅक्सीत तो कागद मला दोनदा वाचायला लावला आणि मग म्हणाली की डॉक्टर हुशार आहे, पण चार आठवडे जरा जास्तच सांगितले.