पट्टीचं दुसरं टोक

चौलच्या दुर्गाबाईंना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्याने खुशाल हात वर करावा. बापू त्यांचे नवरे, पण जन्म गेला तरी त्यांनीही पाहिलेलं नाही. सुपारी सोलून झाली की झावळ्या ओढायच्या, झावळ्या झाल्या की पाटातला गाळ काढायचा, आणि काहीच नसलं तर घरापुढचं झाडलेलं खळं पुन्हा झाडायचं. आता गुडघा कुरकुरतो, पण बाई ऐकेल तर शपथ. म्हणून नातू, निकेत, त्यांच्या ताब्यात आला तेव्हा बापू म्हणाले, बरं झालं, हिला काम मिळालं.

काम कसलं! दोन वर्षांचं ते कार्टं, पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेलं. आजी गुडघ्यावर हात टेकून उठेपर्यंत ते खळ्यात, ती खळ्यात पोचेपर्यंत ते सुपारीच्या ढिगावर. आणि घराच्या मागे, वाडीच्या शिंपणासाठी बांधलेलं तळं. खोल, चिऱ्यांचं, पायऱ्यांवर हिरवंगार शेवाळ.

मग दुर्गाबाईंनी सासूने शिकवलेला उपाय काढला. जुन्या मऊ पातळाची लांब पट्टी फाडली. एक टोक पोराच्या कमरेला, दुसरं पडवीच्या खांबाला. पडवीभर हुंदडता येईल, तळ्याकडे जाता येणार नाही. पोराचा बाप अजेय असाच बांधलेला वाढला आणि आज अलिबागला कॉलेजात शिकवतो. काय वाकडं झालं त्याचं?

पण हे सुनेला कोण सांगणार? मैथिलीची नोकरी मुंबईत. सकाळी मांडव्याहून बोट, संध्याकाळी परत. लेकरू घरी ठेवून रोज समुद्र ओलांडायचा म्हणजे तिचाही जीव टांगणीला लागायचा, ते कबूल. म्हणून तिने पडवीत कॅमेरा लावून घेतला. मुंबईत बसून फोनवर पडवी दिसायची, वर त्यातून बोलताही यायचं. तेव्हापासून बापू पडवीत येताना आधी सदरा चढवायला लागले.

एक दिवस दुर्गाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या आणि भिंत किंचाळली, "आई! सोडा त्याला! आत्ताच्या आत्ता!"

सूप हातातून गेलं, तांदूळ पडवीभर झाले.

संध्याकाळी मैथिली आली ती तणतणतच. "गुरासारखं बांधून ठेवलंत माझ्या मुलाला?"

"अगो, तळं हाय मागं. माझा गुडघा हा असा. धावू किती त्याच्यामागं?"

"मग झेपत नाही म्हणून सांगा ना! पुन्हा खांबाला बांधलेला दिसला तर अलिबागच्या पाळणाघरात घालीन. अजेय सोडेल कॉलेजला जाताना."

दुर्गाबाईंनी नातवाला जवळ ओढलं. पाळणाघर! म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात "आज्ये, आज्ये" करणारं कुणी नाही. हे पोर आल्यापासून त्यांना गुडघ्याचा विसर पडला होता, बापूंशी भांडायचंही सुचत नव्हतं. ते गेलं तर ह्या बाईने करायचं काय? तेच तेच खळं झाडायचं?

"खांबाला नाय बांधणार," त्या म्हणाल्या. "देवाशप्पथ."

शपथ घेतली खरी, पण त्या दिवसापासून बाईच्या जिवाला चैन नाही. चुलीवर आमटी आणि डोळे दारात. अंघोळीला गेल्या तर अंगावर दोन तांबे ओतून बाहेर. बापूंच्या मागे लागल्या, "अहो, तळ्याला जाळी तरी मारून घ्या."

"तळ्याला कोण जाळी मारतं? चौलात हसतील लोक. आम्ही सगळे इथंच वाढलो ना?" बापूंनी पेपर उलटला. ह्या पुरुषांना तळं दिसतं ते फक्त पाणी कमी झालं की!

आणि मग ते झालं. दुर्गाबाई वाळत घातलेली सुपारी उलटत होत्या. मागे वळून बघतात तर पोर नाही. पडवीत नाही, माजघरात नाही. तशाच लंगडत मागे गेल्या. निकेत तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवर उभा राहून एकेक सुपारी पाण्यात टाकत होता आणि "डुबुक" म्हणून खिदळत होता. हाक मारली असती तर दचकला असता. त्या पाय न वाजवता मागून गेल्या आणि त्याचा दंड पकडला. मग त्याला छातीशी धरून तिथेच मातीत बसल्या आणि हमसाहमशी रडल्या.

कुणाला काही कळलं नाही. कॅमेरा पुढे पडवीत, तळं मागे.

दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा बाहेर आली.

दुपार व्हायच्या आत भिंत ओरडली, "आई, पुन्हा? शपथ घेतली होतीत ना तुम्ही?" मैथिलीला फोनवर पोराच्या कमरेची पट्टी दिसत होती आणि तिचं दुसरं टोक ताणून चित्राबाहेर कुठेतरी गेलेलं. दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून माठाची भाजी निवडत होत्या. भिंतीला काय उत्तर द्यायचं? माणूस समोर हवं.

तर माणूस समोर आलं की! मैथिलीने अर्धी रजा टाकली, मिळाली ती बोट पकडली आणि रिक्षातून उतरली ती थेट पडवीत. पट्टी हातात धरून तरातरा चालत आली आणि दारात थबकली. दुसरं टोक सासूच्या कमरेला होतं.

"हे काय, आई?"

"खांबाला नको म्हणालीस. खांबाला नाय बांधला."

मैथिलीला हसू येईना, रागही येईना.

"खाली बस," दुर्गाबाई म्हणाल्या. "काल हा तळ्यावर गेला होता. शेवटच्या पायरीला. तुझ्या कॅमेऱ्यात आलं नाय, मी सांगितलं नसतं तर तुला कळलंही नसतं. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाय माझ्या. तू म्हणतेस ते खरं. नाय झेपत मला. घाल त्याला पाळणाघरात."

माठाची पानं हातातच चुरगळली.

मैथिलीने निकेतला ओढून मांडीवर घेतलं. तिची नजर त्या पट्टीवरून फिरली, पोराच्या कमरेपासून सासूच्या कमरेपर्यंत.

"आई, तुम्हाला पोहता येतं?"

"छे गो. कधी शिकले मी?"

"मग हा पाण्यात गेला असता तर तुम्हीही ओढल्या गेला असतात त्याच्याबरोबर."

"व्हय," दुर्गाबाई म्हणाल्या. "म्हणून तर बांधली. ह्याला घालवून मी काय मागं राहणार होते?"

मैथिलीला हुंदका आवरेना. तशीच ती ओरडली, "बापू! जाळीवाल्याला फोन लावा. आज, आत्ता. लोक हसू देत काय हसायचं ते. जाळी लागेपर्यंत मी घरी आहे."

बापू सदरा न घालताच पडवीत आले आणि मुकाट्याने फोन शोधू लागले.

"आणि पाळणाघर?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"इथंच राहील तो." मैथिली सासूच्या कमरेची गाठ सोडवायला बसली. गाठ निरगाठ झाली होती, नखाने सुटेना, तेव्हा तिने दात लावले. "पण ही गाठ आधी सुटू दे, आई. मला दोघंही हवी आहात."